अमेरिकेंतील नाकेबंदी आणि खानदेशचा कापूस

फैजपूरपासून समुद्र शेंकडों मैल दूर. तरीहि एकेकाळीं तेथल्या कपाशीचा भाव समुद्रावरील लढाईनें ठरविला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी पेटली व अध्यक्ष लिंकन यांच्या आरमारानें दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली. जगांतलें श्रेष्ठ आरमार पदरीं असूनहि इंग्लंडनें ती मोडली नाहीं. लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडल्या; मजुरांची उपासमार झाली. गिरणीवाल्यांची नजर मुंबईकडे वळली. आगगाडीहि नुकतीच खानदेशांत येत होती. कापसाला सोन्याचें मोल आलें, तशी सावकाराच्या दारीं कुणब्याची पत वाढली. आणि तीच त्याला बाधली. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले. मुंबईच्या बुडालेल्या पेढ्यांची हकीकत पुष्कळांनीं लिहिली आहे. तेजींत काढलेलें कर्ज मात्र कुणब्याला मंदींतल्या कापसावर फेडावें लागलें.