कांद्यावर बोलण्यासाठी

परिषदेचे अध्यक्ष, पहिल्या रांगेत बसलेले सर्व पक्षांचे आणि अपक्ष उमेदवार, आणि चांदवड-देवळ्यापासून पेठ-सुरगाण्यापर्यंतच्या गावांतून हातातली कामं टाकून आलेल्या माझ्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीनं नाशिकमध्ये तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

उमेदवारांना आज व्यासपीठावर बसवलेलं नाही. यात कुणाचा अनादर नाही. वर बसलेला माणूस भाषण करतो, आणि भाषणं आपण पुष्कळ ऐकली. आज विचारणारा वर उभा राहील आणि उत्तर देणारा समोरून देईल.

15 मे 2024 रोजी पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा होती. भाषण चालू असताना एक तरुण उठला आणि कांद्यावर बोला, असं ओरडला. तो मला विसरता येत नाही. एवढ्या गर्दीत त्याला ओरडावं लागलं, कारण विचारायला दुसरी जागाच नव्हती. ती जागा व्हावी म्हणून आम्ही हा मांडव घातला.

7 डिसेंबर 2023 च्या रात्री मी लाल कांद्याची ट्रॉली भरून ठेवली होती. सकाळी निर्यातबंदीची बातमी आली. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर बसले. ट्रॉली घरीच राहिली. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राखता येतो, लाल कांदा राखता येत नाही. काही दिवसांनी ताडपत्री उचलली तर आधी वास आला. आई चांगला माल निवडायला बसली, तर तिची बोटं कांद्यात रुतत होती. ती काही बोलली नाही. एकेक कांदा बाजूला काढत संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

आता तारखा बघा. मार्चअखेरपर्यंत म्हणून घातलेली बंदी मार्चमध्येच पुढे वाढवली. ती उठली 4 मे 2024 ला, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीचं लोकसभेचं मतदान होतं 20 मे रोजी. 13 सप्टेंबरला किमान मूल्याची अट गेली, शुल्क 20 टक्क्यांवर आलं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं. उरलेलं शुल्क मात्र 1 एप्रिल 2025 ला गेलं, तेव्हा यातली कुठलीच निवडणूक समोर नव्हती. कारणं मी सांगत नाही. पण मतदानाच्या तोंडावर आपलं म्हणणं जास्त ऐकू जातं, एवढं मला दिसतं, आणि ते दिवस आपण घोषणा देण्यात घालवू नयेत असं मला कळकळीनं वाटतं.

म्हणून एक विनंती. कांद्याला भाव द्या, असं आज कुणी म्हणू नका. त्यावर देऊ म्हणायला कुणाला काही लागत नाही. असं विचारा: निर्यातीचा नियम बदलण्याआधी किती दिवसांची सूचना मिळावी यासाठी तुम्ही काय कराल? बंदरावर पोचलेल्या मालाचं काय? केंद्रासाठी होणारी नाफेडची कांदाखरेदी बाजार समितीच्या उघड लिलावात व्हावी, या बाजूनं उभे राहाल का? हे दिल्लीत ठरतं, हे उत्तर आम्हाला माहीत आहे. दिल्लीला तुम्ही काय आणि कधी सांगाल, ते ऐकायचं आहे. पेठ-सुरगाण्याच्या भावांनी वनजमिनीच्या दाव्यांचं विचारावं, येवला-नांदगावकरांनी पाण्याचं. 2018 च्या मार्चमध्ये वनजमिनीच्या मागण्या घेऊन याच शहरातून मुंबईपर्यंत पायी गेलेली माणसं या मांडवात आहेत.

या जिल्ह्यानं विचारण्याची किंमत मोजली आहे. 1980 च्या नोव्हेंबरमध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या हाकेसरशी शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर उतरले, तेव्हा खेरवाडीला गोळीबारात जीव गेले. 1986 च्या नोव्हेंबरमध्ये चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन भरलं. कांद्याची लागण बाया करतात, निंदणी आणि निवडणीही त्याच करतात, आणि सभेत मात्र मागे बसतात. आज त्या पुढे बसल्या आहेत. सुरुवात त्यांच्यापासून होईल.

प्रत्येक उत्तर लिहून घेतलं जाईल. उमेदवारांनी खाली सही करावी, प्रती आपापल्या गावच्या फलकावर लागतील. दुपारी एक वाजता पिठलं-भाकरी आहे, उमेदवारांनीही आमच्याबरोबर पंगतीला बसावं.

पहिला प्रश्न चांदवडच्या ताईंचा. माईक त्यांच्याकडे द्या.