मे महिन्यातला माळ मोजून



बाजार आटपाडीचा असो वा सांगोल्याचा, बोकडाचा सौदा अजून बहुतेक हातावरच ठरतो. व्यापारी कमरेवर हात फिरवतो, बोकड जरा उचलून पाहतो आणि आकडा सांगतो. मालक दोन-तीनशे वाढवून घेतो आणि खूश होऊन घरी जातो. वजनाचा अंदाज व्यापाऱ्याला असतो. वर्षभर सांभाळणाऱ्याला नसतो. 25 किलोच्या बोकडाचे साधारण 11 किलो मटण होते. अंदाज 3 किलोंनी हुकला, तर सव्वा किलो मटण फुकट गेले.

जात मात्र बावनकशी आहे. धाराशिव, लातूर, सोलापूरच्या कोरड्या माळांनी उस्मानाबादी शेळी घडवली. काळी, लांब कानांची, जुळी देण्यात तरबेज, बोर-बाभळीच्या पाल्यावर तगणारी. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या नोंदल्या गेल्या. तरी नवा शेळीपालक कर्ज काढतो ते आधी शेडसाठी. पत्रे चढतात, दावणी बसतात आणि चारा कुठून येणार हा प्रश्न उन्हाळ्यात उभा राहतो.

हिशेब तिथूनच सुरू व्हायला हवा. 30 किलोच्या शेळीला रोज सुमारे 1 किलो कोरडा चारा लागतो. 50 शेळ्यांचे मार्च ते मध्य जून हे शंभर दिवस काढायचे, तर 5 टन झाले. माळावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीचे भूस, भुईमुगाचा पाला असे सगळे मिळून 3 टनच भरत असेल, तर त्या रानाची शेळी 30. पन्नास ही ऑगस्टमधल्या हिरव्या माळाने दाखवलेली भूल. जास्तीची जनावरे, म्हणजे भाकड, म्हाताऱ्या आणि वाढ थांबलेली, धुळवडीच्या बाजारात काढली तर मागणीही असते आणि अंगावर मांसही.

दुसरी गोष्ट बोकडाची. तो बारा महिने कळपात मोकळा राहिला की करडे केव्हाही जन्मतात, मे महिन्यातही, आणि आईला दूध नसल्याने खंगतात. जूनच्या सरीनंतर 25 शेळ्यांमागे एक बोकड सोडला, तर पाच महिन्यांनी, दिवाळीनंतर, विणी एकत्र होतात. आईला सुगीचा चारा मिळतो, करडे आखाडापर्यंत आठ महिन्यांची होतात. त्यापुढे श्रावणात बाजार मंदावतोच. बकरी ईदसाठी बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. 2025 मध्ये ती 7 जूनला होती. म्हणून ईदचा बोकड जन्माच्या तारखेवरून निवडावा लागतो. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची आणि वेळच्या वेळी पीपीआरची लस टोचली नाही, तर मात्र हे सारे गणित आठवड्यात पुसले जाते.

मोजदादीचा हाच धडा ऑस्ट्रेलियातही दिसतो. तिथे, न्यू साउथ वेल्सच्या पश्चिमेकडील रखरखीत रानात, वसाहतवाल्यांनी आणलेल्या शेळ्या रानटी झाल्या. तिथले पशुपालक पाणवठ्याला कुंपण घालतात. शेळी तहानेने कुंपणालगतच्या उतारावरून आत उडी मारते आणि बाहेर पडू शकत नाही. पूर्वी धंदा एवढाच होता: पकडायचे आणि कत्तलखान्याला पाठवायचे. पुढे काहींनी रानाला मजबूत कुंपण घातले, बोअर जातीचे बोकड सोडले, लहान माद्या विकायच्या थांबवल्या. चढलेला भाव 2023 पर्यंत धाडकन कोसळला. अशा वेळी किती जनावरे रानात ठेवायची आणि किती काढायची, हे ठरवायला कळपाची मोजदाद हाताशी लागते.

आपल्याकडे कुंपण परवडत नाही, वही परवडते. शेळ्या बहुतेक घरांत बाईच्या हाती असतात आणि कुठली कधी व्यायली हे तिच्या तोंडपाठ असते. ते कागदावर उतरावे, एवढेच.

त्या वहीत वजनही यावे, म्हणून या शेळीपालक परिषदेपुढे ठराव एकच आहे: प्रत्येक शेळीबाजारात बाजार समितीने जिवंत वजनाचा काटा बसवावा आणि त्याची पावती बोकडाच्या मालकाच्या हातात द्यावी. ठरावावरची चर्चा दुपारच्या सत्रात आहे. बोलणाऱ्यांनी आपल्या शेवटच्या विक्रीचा आकडा सोबत आणावा.