सहा मैलांचे पाणी



पृथ्वी सपाट मानणारा मनुष्य डोळे मिटूनच बोलतो असे नव्हे. इंग्लंडमधील ओल्ड बेडफर्ड हा कालवा सहा मैल सरळ वाहतो. 1838 साली सॅम्युअल रोबोथम त्यात उतरला. डोळा पाण्यापासून अवघा आठ इंच वर. दूर जाणाऱ्या नावेवर पाच फूट उंच निशाण. गणिताप्रमाणे ते पाण्याच्या फुगवट्याआड बुडावयास हवे होते. त्याला ते अखेरपर्यंत दिसले. दिसलेही असेल! गार पाण्यालगतची हवा दाट, वरची विरळ. अशा हवेत प्रकाशकिरण खाली वाकतो आणि पृथ्वीच्या वक्रतेला बिलगून चालतो. क्षितिजाला नुकताच टेकलेला सूर्यही वस्तुतः क्षितिजाखाली गेलेला असतो.

1870 मध्ये जॉन हॅम्पडेन याने 500 पौंडांची पैज लावली. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने ती स्वीकारली. तरुणपणी जमीनमोजणी केलेल्या वॉलेस यांनी दृष्टिरेषा पाण्यापासून तेरा फुटांवर नेली. तेथे वाकडा किरण फारशी फसवणूक करू शकत नाही. मधली खूण दोन्ही टोकांच्या रेषेहून पाच फुटांवर उंच भरली. गंमत अशी, की हॅम्पडेनच्या पंचाने त्याच दुर्बिणीतून पाहून पृथ्वी सपाट ठरविली!

निकाल वॉलेस यांच्या बाजूने लागला. परंतु कायद्याने पैजच रद्दबातल ठरली, पैसे परत गेले. निंदेच्या पत्रांपायी हॅम्पडेनला तुरुंगवास घडला, तरी पत्रे थांबली नाहीत. वॉलेस यांना तो मनस्ताप सुमारे पंधरा वर्षे पुरला.