लग्नात पुरुषांनी कोणते गाणे म्हणावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, बचत, बालसंगोपन अशा विषयांवर आपण दरवर्षी ऐकतो. यंदा विषय मीच निवडावा असे ठरले, तेव्हा मी हा निवडला. पुष्कळजणी हसल्या. 'पुरुषांच्या गाण्याशी आपल्याला काय करावयाचे?' असे एकीने विचारलेही. परंतु लग्न आपल्या लेकीचे. तिच्यासमोर काय गायिले जाते हे आपण नाही पाहावयाचे तर कोणी?

आपल्याकडे लग्नातले गाणे हे बायकांचे. हळद दळताना, ती लावताना, विहिणीची थट्टा करताना आपणच गात आलो. पुरुष भजनात गातात, वहीगायनात रात्र जागवितात. पण स्वतःच्या लग्नात मात्र दोन ओळींच्या उखाण्यापलीकडे त्यांना काही म्हणावयाचे नसे. तो उखाणाही मित्रांनी पढविलेला! पुढे जन्मभर बायकोला गोड शब्द ऐकावयास मिळायचा तो एवढाच, की आज भाजी बरी झाली आहे. म्हणून आता हळदीच्या रात्री नवरा मुलगा माइक हातात घेऊन दोन कडवी म्हणतो, याचे मला कौतुकच वाटते. चारचौघांत त्याने तिला उद्देशून प्रेमाचा शब्द उच्चारावा, ही चांगली गोष्ट आहे. पण तो शब्द नीट निवडलेला असावा.

ज्याच्या साथीवर ही गाणी होतात त्याला 'कराओके' म्हणतात. शब्द जपानी आहे. 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओके' हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे आखूड रूप. वाद्ये आहेत, पण गाणाऱ्याची जागा रिकामी. दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने १९७१ साली कोबे शहरात असे यंत्र तयार केले. आज ते मोबाईलमध्ये बसून सावद्याच्या मांडवात आले आहे. ती रिकामी जागा कोणत्या शब्दांनी भरावी, हे मात्र यंत्र सांगत नाही.

माझा भाचा पुण्यास जपानी भाषा शिकला आणि नोकरीसाठी तिकडे गेला. तेथील लग्नांविषयी त्याने सांगितले ते ऐकण्याजोगे आहे. लग्नसमारंभात ते लोक 'कापणे', 'तुटणे', 'वेगळे होणे', 'संपणे' असे शब्द टाळतात. केक कापला असे म्हणत नाहीत, त्यास सुरी लावली म्हणतात. समारंभ संपला असे म्हणत नाहीत, 'उघडला' म्हणतात! आपण नवल करू नये. आपण तरी दिवा विझविला कुठे म्हणतो? दिवा 'वाढविला', बांगडी 'वाढविली' असेच म्हणतो. निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणतो. फरक एवढाच, की बोलण्यातला हा नेम ते लग्नातल्या गाण्यालाही लावतात. वियोगाचे गाणे कितीही गाजलेले असले तरी तेथे ते बरे मानीत नाहीत.

त्यांच्याकडे लग्नात पुरुषांनी म्हणावयाचे एक जुने गाणे आहे, 'ताकासागो'. सुमारे ६०० वर्षांपूर्वी झेआमी या नाटककाराने लिहिलेल्या नाटकातला तो भाग. त्या नाटकात एक म्हातारा आणि एक म्हातारी झाडाखालचा पाचोळा झाडीत असतात. त्याच्या हाती दाताळे, तिच्या हाती झाडू. ती दोघे म्हणजे ताकासागो आणि सुमियोशी या दूरदूरच्या दोन ठिकाणच्या पाइन वृक्षांची रूपे. ठिकाणे दोन, पण जोडी एक. पाहा, लग्नाच्या गाण्यासाठी त्यांनी तरुण-तरुणी घेतली नाहीत, पिकल्या केसांची माणसे घेतली. आज हळदीने उजळलेले तोंड सर्वांनाच आवडते. पुढची पन्नास वर्षे बरोबर अंगण झाडावयाचे, हे ज्याला कळले त्याला लग्न कळले.

आता आपल्या गाण्यांकडे येऊ. गाणे निवडताना मी तीन गोष्टी पाहावयास सांगते.

पहिली, गाणे कोण कोणाला म्हणते आहे? ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि मराठी भावगीत घरोघर पोहोचले. ती कविता आहे स्त्रीच्या तोंडची आणि गाणारा पुरुष. मैफलीत ते शोभते. बोहल्यावर चढणाऱ्या मुलाने मात्र आपल्याच तोंडी शोभेल असे गाणे घ्यावे. दोघे मिळून म्हणणार असतील तर मंगेश पाडगावकरांचे 'शुक्रतारा' आहेच. श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे स्वर. त्यात तिलाही बोलावयास जागा आहे.

दुसरी गोष्ट, शेवटचे कडवे वाचल्याशिवाय गाणे ठरवू नये. पाडगावकरांचेच आणि अरुण दाते यांनीच गायिलेले भातुकलीच्या राजा-राणीचे गीत किती गोड आहे! आरंभ ऐकून वाटते, हे लग्नासाठीच आहे. पण ती कहाणी ताटातुटीची. घरी डोळे मिटून ऐकावी, मांडवात नको. उलट जपानात मासाशी सादा या गायकाचे १९७९ साली गाजलेले एक गाणे आहे. त्यात होणारा नवरा आरंभी बायकोवर हुकूम सोडीत सुटतो आणि अखेरीस तिच्यावाचून आपले चालणार नाही, हे कबूल करतो. म्हणजे आरंभावरून गाण्याची परीक्षा करू नये. माणसाचीही करू नये.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट ही, की ज्या मुलीसमोर गावयाचे तिची मान खाली जाता कामा नये. गेल्या वर्षी जवळच्याच एका गावी मी हळदीस गेले होते. नवऱ्या मुलाच्या मित्रांनी बेइमान पोरीवरचे एक गाणे धरले. चाल नाचण्याजोगी, पोरे आनंदात. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. पण त्या मुलीची आधी एक सोयरीक मोडली होती, हे बायकांना ठाऊक होते. एकमेकींच्या कानाशी तोंडे गेली. वरण-बट्टीचे ताट मुलीपुढे तसेच राहिले, आणि तिची आई मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. गाणे चार मिनिटांचे. पण सासरच्या माणसांसमोर तिची ती पहिली संध्याकाळ होती. ती कोणी परत आणून द्यावयाची?

थोडे व्यवहाराचे. पुरुषांची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास, बायकांची काळी चार-पाचला. लताबाईंच्या गाण्याची साथ तशीच लावली तर बिचाऱ्याचा आवाज फाटतो आणि लोक हसतात. साथ खाली उतरवून आठ दिवस आधी सराव करावा. दोन कडवी पुरेत; पंगत ताटकळत ठेवू नये.

नवऱ्या मुलानेच गावे असेही नाही. १९६८ च्या 'नीलकमल' चित्रपटातले महंमद रफींचे पाठवणीचे गीत बाप गाऊ लागला तर पुरे होत नाही, गळा दाटतो. तरी बापाने मुलीला उघडपणे माया सांगावी. आणि आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी! त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, ती आपल्याच बोलीत. त्यांनी गायिलेला संसार चटके देणारा आहे, पण खरा आहे. एखाद्या काकाने, मामाने ते गाणे म्हटले तर जोडप्याला चार उपदेशांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

माझी मंडळास सूचना अशी, की एक वही करावी. प्रत्येकीने पुरुषांनी म्हणावयाजोगे एक गाणे, सगळी कडवी वाचून, त्यात उतरवून द्यावे. ज्या घरी लग्न असेल त्या घरी वही पाठवावी. 'हे म्हणू नका' असे पोरांना सांगत बसण्यापेक्षा 'हे म्हणा' असे हाती देणे सोपे. आणि आपापल्या मुलांना घरीच गावयास बसवावे. ज्याला आईसमोर म्हणावयास संकोच वाटतो, ते गाणे सुनेसमोरही नको, एवढी खूण पुरे आहे.

लग्नाचा विषय म्हणून 'संपविते' असे म्हणत नाही. माझे भाषण पुरे करते.