क्यूचा ओक आणि आपलं जांभूळ

(प्रजासत्ताक दिनी ध्वजवंदनानंतर केलेलं छोटं भाषण)



ऑक्टोबरमध्ये आम्ही मुलाकडे लंडनला होतो. एका रविवारी सगळे मिळून क्यू गार्डनला गेलो. तीनशेवर एकरांची, १७५९ पासूनची बाग. पानगळ सुरू होती; नात वाळक्या पानांत लोळत होती, आमची ही मेथीच्या पुऱ्या वाटत होती. काचेच्या पाम हाऊसबद्दल पुन्हा कधीतरी सांगेन.

आज सांगायचंय ते तिथल्या टर्नर्स ओकबद्दल. झाड १७९८ चं, पण खंगत चाललेलं. ऑक्टोबर १९८७ च्या वादळाने ते मुळांसकट उचललं आणि परत त्याच जागी बसवलं. त्या रात्री क्यूची सुमारे सातशे झाडं गेली, त्यामुळे याला नुसता आधार देऊन ठेवलं. तीन वर्षांनी बघतात तर काय, झाड टवटवीत! इतकी वर्षं लोकांच्या पायांखाली माती दगडासारखी घट्ट झाली होती; वादळाने ती सैल केली, मुळांना हवा-पाणी मिळालं. पुढे तिथे जुन्या झाडांखालची माती दाबाने हवा सोडून मोकळी करू लागले.

आता आपलं मागचं जांभूळ. शेंडा वाळतोय, आणि बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवायचा विषय पुढच्या सभेत आहे. माझी विनंती एवढीच, की भोवतीची दहा-बारा फूट माती उघडी ठेवा. एका गाडीची जागा जाईल. ती माझी धरा.