रुग्णशय्येपाशी भरलेली पाठशाळा
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लेखरूप पाठ)



ग्रंथालयाच्या शताब्दीप्रसंगी ग्रंथांचा महिमा गावा, असा संकेत आहे. आजचा विषय वरवर पाहता त्या संकेताला सोडून वाटेल. आजारी, मरणोन्मुख किंवा मनाने खचलेल्या माणसाशेजारी जाऊन बसणे, त्याला धीर देणे, हे काम जगातील सर्वच धर्मांनी आपले मानले आहे. परंतु ते करणाऱ्याने ते शिकावे कोठे? धर्मग्रंथांचे अध्ययन झाले, वक्तृत्व अंगी बाणले, एवढ्याने तो या कामास पात्र ठरतो काय? शल्यचिकित्सा केवळ पुस्तके वाचून येत नाही, हे कोणीही मान्य करील. दुःखिताच्या मनाला हात घालणे मात्र केवळ सद्भावनेने जमते, असा समज सर्वत्र आहे. या समजाला पहिला मोठा धक्का १९२५ साली अमेरिकेतील एका मनोरुग्णालयात बसला. तो देणारा गृहस्थ काही वर्षांपूर्वी स्वतःच अशा रुग्णालयात रुग्ण म्हणून राहून आलेला होता.

अँटन बॉइसेन यांचा जन्म १८७६ साली इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या गावी झाला. घराणे विद्याव्यासंगी होते. वडील विद्यापीठात भाषांचे प्राध्यापक होते, पण मुलगा सात वर्षांचा असतानाच ते निवर्तले. बॉइसेन यांनी प्रथम वनशास्त्राचा अभ्यास केला आणि नंतर न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत धर्मशास्त्राचा. ग्रामीण भागात धर्मोपदेशक म्हणून काही वर्षे काम केले, पण कोठे जम बसला नाही. ॲलिस बॅचेल्डर या स्त्रीवर त्यांचे आयुष्यभर एकतर्फी प्रेम होते. तीही जखम मनात होतीच.

१९२० च्या ऑक्टोबरात, पुन्हा धर्मोपदेशकाचे काम मिळावे म्हणून आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहीत असतानाच त्यांचा मानसिक तोल गेला. जगावर महान अरिष्ट कोसळणार आहे, असे त्यांना दिसू लागले. घरच्यांना त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि पुढची सुमारे पंधरा महिने ते तेथेच होते. सावध झाल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिले. शरीराच्या दुखण्यांसाठी डॉक्टर होते, परिचारिका होत्या. रविवारी प्रार्थनेसाठी बाहेरून धर्मोपदेशकही येत. परंतु समोर बसलेल्या माणसांना काय झाले आहे, याची त्या उपदेशकांना गंधवार्ता नव्हती. एकाने तर, उजवा डोळा पापास प्रवृत्त करीत असेल तर तो उपटून टाकावा, या बायबलातील वचनावरच प्रवचन केले. श्रोत्यांतील एखादा रुग्ण हे अक्षरशः खरे मानील की काय, या शंकेने बॉइसेन यांच्या अंगावर काटा आला. प्रवचनकाराचे पाठांतर चोख असेल, हेतूही शुद्ध असेल. पण आपण कोणासमोर बोलत आहोत, हेच त्याने वाचलेले नव्हते.

या अनुभवातून बॉइसेन यांच्या मनात एक विचार रुजला. मानसिक व्याधींचे त्यांनी दोन प्रकार केले. काही व्याधी मेंदूच्या बिघाडातून उद्भवतात. काही मात्र अंतर्यामीच्या संघर्षाचा परिणाम असतात. आपले जीवन विस्कटले आहे, हे कळलेल्या जीवाने ते पुन्हा सांधण्यासाठी केलेली ती जीवघेणी धडपड असते, आणि तिची जात साधुसंतांच्या तळमळीशी मिळतीजुळती असते. म्हणून धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने ग्रंथांइतक्याच आस्थेने ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ वाचावेत, असा आग्रह त्यांनी धरला. हा शब्दप्रयोग पुढे त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. ग्रंथालयाच्या या वास्तूत त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. जुनी पोथी हाती आली की जाणता वाचक तिची पाने जपून उलगडतो, न लागलेल्या ओळीवर थांबतो, आपल्या मनातील अर्थ तिच्यावर लादत नाही. हीच शिस्त माणसाच्या बाबतीत पाळावी, एवढेच बॉइसेन यांचे म्हणणे होते.

या कल्पनेला बळ दिले ते बॉस्टनचे डॉक्टर रिचर्ड कॅबट यांनी. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १९०५ साली रुग्णांसाठी सामाजिक कार्याचा विभाग सुरू करणारे हे वैद्य. डॉक्टर होणारा विद्यार्थी रुग्णालयात अनुभवी गुरूच्या नजरेखाली शिकतो. मग धर्मोपदेशक होणाऱ्यालाही असे प्रत्यक्षाचे एक वर्ष का नसावे, असा प्रश्न त्यांनी १९२५ साली लेखाद्वारे जाहीरपणे विचारला. त्याआधी, १९२४ साली, वुस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयाचे अधीक्षक विल्यम ब्रायन यांनी बॉइसेन यांची तेथे धर्मसेवक म्हणून नेमणूक केली होती. एकदा रुग्ण म्हणून राहिलेल्या माणसाला हे पद देण्यास धैर्य लागते. ब्रायन यांनी ते दाखविले.

१९२५ च्या उन्हाळ्यात वुस्टरला चार विद्यार्थी आले. दिवसभर त्यांनी वॉर्डात परिचारकाचे काम करावयाचे आणि संध्याकाळी एकत्र बसून पाहिलेल्या रुग्णांची चर्चा करावयाची, असा क्रम होता. पुढे मनोकायिक वैद्यकाच्या क्षेत्रात नावारूपास आलेल्या हेलन फ्लँडर्स डनबर या त्या पहिल्या तुकडीत होत्या. सिनसिनाटी येथे डॉक्टर विल्यम केलर यांनी १९२३ सालीच धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सामाजिक संस्थांत काम करावयास पाठविले होते. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद निघू शकतो. परंतु रुग्णशय्येपाशी भरलेल्या या पाठशाळेला रूप आले ते वुस्टरमध्ये. १९३० साली या शिक्षणासाठी बॉस्टन येथे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले.

यानंतरची कथा सरळ रेषेत गेली नाही. १९३० सालीच, आईच्या निधनानंतर, बॉइसेन यांना पुन्हा झटका आला. कॅबट यांच्या मते मनोविकारांचे मूळ शरीरात होते. त्यांना धर्माशी जोडण्याची बॉइसेन यांची भूमिका त्यांना कधीच पटली नव्हती. आता तर या गृहस्थाच्या हाती विद्यार्थी सोपवावेत काय, असा प्रश्न त्यांना पडला. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि चळवळीतही दोन तट पडले. कॅबट यांनी भर दिला तो कौशल्यावर: रुग्णाशी कसे बोलावे, कसे ऐकावे, केव्हा गप्प राहावे. त्यांनी रसेल डिक्स या तरुण धर्मसेवकासह १९३६ साली या कलेवर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी बॉइसेन यांचा ‘द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड’ हा ग्रंथ निघाला. त्याचा भर होता दुःखाचा अर्थ शोधण्यावर. एकाने ‘कसे’ विचारले, दुसऱ्याने ‘का’. आजही या विद्येला दोन्ही प्रश्न सोडवत नाहीत. विभागलेले प्रवाह १९६७ साली एका संघटनेत एकत्र आले. ते पाहावयास दोघेही नव्हते. कॅबट १९३९ साली वारले होते आणि बॉइसेन यांचा १९६५ साली इलिनॉय राज्यातील एल्जिन येथे अंत झाला. ज्या मनोरुग्णालयात त्यांनी १९३२ पासून सेवा केली, ते तेथीलच.

डिक्स यांनी रुजविलेल्या एका पद्धतीचा येथे उल्लेख केला पाहिजे, कारण आज या शिक्षणाचा कणा तीच आहे. रुग्णाची भेट संपली की विद्यार्थ्याने संभाषण आठवून शब्दशः लिहून काढावयाचे, आणि ते सहाध्यायी व मार्गदर्शक यांच्यासमोर ठेवावयाचे. समजा, एक वृद्ध रुग्ण म्हणाला, “आता घरी जाणे काही होत नाही.” विद्यार्थ्याने उत्तर दिले, “असे बोलू नये, देव सारे नीट करील.” लिहिताना हे वाक्य गोड वाटते. चर्चेत मात्र मार्गदर्शक एवढेच विचारतो, “हा धीर कोणाला हवा होता? त्यांना, की तुम्हाला?” वृद्धाने मरणाचे दार किंचित उघडले होते. विद्यार्थ्याला भीती वाटली आणि त्याने ते लोटून घेतले. स्वतःची ती भीती ओळखणे हाच येथील खरा धडा. असे ४०० तासांचे एक सत्र धरले जाते. अमेरिकेत प्रमाणित रुग्णालयीन धर्मसेवक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीबरोबर चार सत्रे, म्हणजे १६०० तास, पूर्ण करावे लागतात.

या शिक्षणाचा प्रवचनाशी काय संबंध, असे कोणी विचारील. न्यूयॉर्कचे विख्यात वक्ते हॅरी एमर्सन फॉस्डिक यांनी १९२८ साली एका मासिकातील लेखात त्याचे उत्तर दिले होते. धर्मशास्त्राचे विद्यार्थी असताना तेही मानसिक आजारातून गेले होते. प्रवचनाचा आरंभ ग्रंथातील वचनापासून न होता समोरच्या माणसाच्या खऱ्या अडचणीपासून व्हावा, अनेकांशी एकाच वेळी केलेला तो जिव्हाळ्याचा संवाद असावा, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. आठवड्यातील काही वेळ ते एकेकाची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी राखून ठेवीत. रविवारच्या प्रवचनाचे बीज तेथे पडत असे.

श्रोत्याच्या भाषेत शिरल्यावाचून उपदेश पोचत नाही, हे मराठीला नवे नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने येथील बोली आत्मसात केली, ओवीचा छंद उचलला, आणि १६१६ साली राशोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. आळंदीला विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथे चार वर्षे राहून विद्यार्थी ज्ञानेश्वरी, गाथा यांचे पाठांतर करतात आणि कीर्तन-प्रवचनाची कला शिकतात. उपदेशकाला शिक्षण हवे, ही जाणीव या मातीतही आहे. उणीव आहे ती दुसऱ्या अर्ध्याची. हजारोंच्या समुदायासमोर उभे राहण्याचे शिक्षण आहे. एका खाटेशेजारी बसण्याचे शिक्षण मात्र बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडे पाहून व्हावयाचे. अखेरच्या घटकेला गीतेचा पंधरावा अध्याय कोणी म्हणावा, पाय कोणी चेपावेत, रडणाऱ्याला केव्हा रडू द्यावे, हे एकत्र कुटुंबातील थोरांना न शिकविता कळत असे. आता घरे लहान झाली, मुले दूरदेशी गेली, मरण घरातून रुग्णालयात गेले. ते अलिखित शिक्षण मात्र त्याच्याबरोबर तेथे पोचले नाही.

पश्चिमेत या विद्येचे स्वरूप दरम्यान पालटले आहे. लंडनला १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी दाखवून दिले की, मरणोन्मुखाची वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचे दुखणेही मिसळलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली केलेल्या परिहार सेवेच्या व्याख्येत आध्यात्मिक प्रश्नांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती अवेदना’ने या विचाराला भारतात पहिले घर दिले. कॅनडात मनो-आध्यात्मिक उपचार हा पदव्युत्तर अभ्यासाचा विषय झाला असून, टोरांटोच्या इमॅन्युएल कॉलेजात मुस्लिम व बौद्ध विद्यार्थीही आपापल्या परंपरेतून आध्यात्मिक सेवेचे शिक्षण घेतात. ओंटारिओ प्रांतात मानसोपचारकांच्या नियमनाचा कायदा २००७ साली झाला आणि तो २०१५ पासून अंमलात आला. तेव्हापासून सद्भावनेला नियमांची आणि उत्तरदायित्वाची चौकट लाभली.

या चौकटीतील पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. रुग्ण बंदिस्त श्रोता असतो. त्याला उठून जाता येत नाही. म्हणून त्याच्यावर आपला पंथ लादणे हा विश्वासघात मानला जातो. त्याची श्रद्धा असेल तर तिच्या भाषेत, नसेल तर त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याच्याशी बोलावयाचे. या मर्यादेवाचून ही सेवा दुर्बळांवरील आक्रमण होऊ शकते, हे भान सुटता कामा नये. दुसरा धोका उलट टोकाचा. प्रमाणपत्रांच्या गर्दीत करुणेचा व्यवसाय होतो आणि तास मोजता मोजता माणूस निसटतो. त्यावर खुद्द बॉइसेन यांचे जीवन हाच इलाज आहे. आजाराच्या खाईत त्यांनी जे भोगले, ते त्यांनी लपविले नाही आणि मिरविलेही नाही. ते अभ्यासास खुले केले.

या ग्रंथालयाने शंभर वर्षे वाचक घडविले. त्या वाचकांपैकी अनेक जण आज वृद्ध आहेत, काही अंथरुणाला खिळलेले आहेत, काहींची दृष्टी अधू झाली आहे. त्यांच्या घरी जाऊन कोणी चार पाने वाचून दाखविली, आणि वाचन संपल्यावर लगेच न उठता ते काय म्हणतात ते ऐकून घेतले, तर त्यास कोणतेही प्रमाणपत्र लागणार नाही. मात्र ऐकून घरी आल्यावर, आपण काय बोललो आणि का बोललो, हे प्रामाणिकपणे लिहून पाहावे. वुस्टरला त्या चार विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला अभ्यास याहून फारसा वेगळा नव्हता.