ब्रेकच्या नळीतील हवा
(विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंख येतात, इंजिन येते. त्याच्या चाकांना ब्रेक असतात, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज मी त्या ब्रेकविषयीच बोलणार आहे, आणि तेही घरी बांधलेल्या लहान विमानाच्या ब्रेकविषयी. विषय दूरचा वाटेल. परंतु तो समजण्यास शालेय विज्ञानापलीकडे फारसे काही लागत नाही.

घरी विमान बांधण्याचा छंद अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे अशा हौशी मंडळींनी ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. तेथील नियमानुसार अशा विमानाचा मोठा भाग हौशी माणसाने स्वतः, केवळ शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी बांधलेला असावा लागतो. ‘शिक्षण’ हा शब्द तेथे कायद्यातच आहे, हे आपण लक्षात घ्यावे. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, आणि २०१६ साली ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले.

आता ब्रेकचे महत्त्व पाहू. बर्ट रुटान यांचे १९७९ साली प्रथम उडालेले ‘लाँग-ईझी’ हे विमान घ्या. त्याचे पुढचे चाक कोणत्याही बाजूला मोकळे फिरते. जमिनीवर हळू चालताना डावीकडे वळायचे तर डाव्या चाकाचा ब्रेक दाबायचा, उजवीकडे वळायचे तर उजव्याचा. म्हणजे एका बाजूचा ब्रेक गेला की थांबणे तर गेलेच, वळणेही गेले. समोर दुसरे विमान किंवा माणसे असतील तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकता.

हा ब्रेक चालतो पास्कलच्या नियमावर. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. समजा, पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौ. सेंमी. आहे आणि त्यावर ४० किलोचा जोर पडला. दाब झाला दर चौ. सेंमी.ला २० किलो. चाकाजवळच्या कॅलिपरचा दट्ट्या १० चौ. सेंमी.चा असेल, तर तेथे २०० किलोचा जोर मिळेल.

पण नळीत १ घन सेंमी. हवा राहिली असेल तर? तेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. बॉइलच्या नियमाप्रमाणे एवढ्या दाबाखाली त्या हवेचे आकारमान सुमारे एकविसाव्या हिश्शावर येईल. ती रिकामी झालेली जागा भरून काढण्यातच मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याची जवळजवळ अर्धा सेंटिमीटर चाल फुकट जाईल. मुळात ही चाल थोडी असते. म्हणून हवेचा लहानसा बुडबुडाही घातक ठरतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी रोग ओळखला पाहिजे. पेडल स्पंजसारखे मऊ लागते आणि दोनतीनदा दाबल्यावर घट्ट होते, तर नळीत हवा असण्याचा संभव मोठा. पेडल एकसारखे दाबून धरले असता हळूहळू खाली जाते आणि बाहेर कोठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी ओ-रिंग झिजलेली असावी. चाकाजवळ ओल दिसते, तर कॅलिपरची ओ-रिंग किंवा नळीचा जोड तपासावा. पेडल घट्ट आहे, तरी विमान थांबत नाही, तर पॅडवर तेल सांडले आहे का, ते पाहावे. चाक अडखळत फिरते आणि तापते, तर पेडल पूर्ण मागे येत नसेल. त्यामुळे तेल टाकीत परत जाण्याचे छिद्र बंदच राहते. किंवा कॅलिपर आपल्या खुंट्यांवर गंजून अडकला असेल. या पाच दोषांपैकी फक्त पहिल्यावर हवा काढणे हा उपाय आहे.

तेलाबाबतही सावध राहावे. अशा बहुतेक विमानांत ५६०६ या क्रमांकाचे तांबडे खनिज तेल वापरतात आणि त्याला चालणाऱ्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंगा बसवतात. मोटारीचे नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते व त्याचे रबर वेगळे असते. एकाच्या जागी दुसरे घातले तर ओ-रिंगा फुगतात, खराब होतात आणि ब्रेक निकामी होतो.

आता हवा काढण्याची रीत. गॅरेजमध्ये मोटारीचे पेडल दाबून खालच्या निपलमधून हवा काढतात. विमानात नळी लांब आणि प्रत्येक दाबाला पुढे सरकणारे तेल थोडे, त्यामुळे बुडबुडा खाली येण्याऐवजी पुन्हा वर सरकतो. म्हणून तेल खालून वर चढवतात. हवेचा स्वभावच वर जाण्याचा. आपण तिला वाट करून द्यायची.

प्रथम चाकांना अडण्या लावाव्यात. पार्किंग ब्रेक सोडलेला आणि पेडले पूर्ण मागे आलेली असावीत. वरच्या टाकीला पारदर्शक नळी जोडून ती बाटलीत सोडावी. हातपंपात स्वच्छ तेल भरून त्याच्या नळीतील हवा आधी घालवावी. मग ती नळी कॅलिपरच्या तळाच्या निपलला घट्ट लावून निपल थोडे सैल करावे व तेल एकसारखे वर ढकलावे. वरच्या नळीतून बुडबुडे येणे पूर्ण थांबेपर्यंत थांबू नये. नळीला कोठे उंचवटा असेल तर तेथे हलक्या हाताने ठोकावे, कारण हवा तेथेच दडून बसते. शेवटी निपल आधी बंद करावे, पंप नंतर काढावा. तेल तापून फुगते, म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. मग पेडल जोराने दाबून धरावे आणि दुसऱ्याने प्रत्येक जोड पाहावा. अखेरची परीक्षा मोकळ्या जागेत, अगदी मंद गतीने.

परंतु मित्रहो, हवा काढली म्हणजे काम संपले असे नाही. खरा प्रश्न आहे, हवा आत आली कोठून? पहिल्यांदा भरतानाच राहिली, टाकीतले तेल उतरले, की एखादा जोड सैल झाला? हे न शोधता पुन्हा तेल भरले, तर काही दिवसांनी पेडल पुन्हा मऊ होईल. ‘दोनदा पेडल मारले की लागतो ब्रेक’ असे म्हणून चालवून घेणारा माणूस तर सर्वांत धोक्यात असतो. कारण ऐनवेळी दुसऱ्यांदा पेडल मारायला सवड मिळेलच असे नाही.

स्वतः बांधणाऱ्याला चूक दुसऱ्यावर ढकलता येत नाही. म्हणून या हौशी मंडळींत एक चांगली प्रथा आहे : आपले काम दुसऱ्या जाणकाराला दाखवायचे. वरील संघटनेने त्यासाठी अनुभवी सल्लागारच नेमले आहेत. ते टीका ऐकून घेतात, कारण त्या कामावर त्यांचा जीव अवलंबून असतो.

विद्यार्थी मित्रहो, पास्कल आणि बॉइल यांचे नियम आपण परीक्षेसाठी पाठ करता. तेच नियम कोठेतरी एका माणसाच्या पायाखाली, एका बारीक नळीत, रोज खरे ठरत असतात. गणित चुकले तर गुण जातात; तेथे प्राण जातात. नियम समजून घ्या, कारण शोधा आणि ‘चालेल’ या शब्दापासून जपा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.